गॅलरीतला शॉट

केतकीला भुताच्या सिनेमांची कधी भीतीच वाटली नाही, कारण त्यातली भुतं तिनं घरात जेवायला बसलेली पाहिली होती. तिच्या नवऱ्याच्या, विश्वजितच्या, पहिल्या सिनेमातली हडळ म्हणजे त्याची आत्या. शूटिंग संपल्यावर तोंडाचं पीठ न धुताच ती सगळ्यांना पिठलं वाढत बसली होती. दुसऱ्या सिनेमात आपोआप हलणारा पाळणा होता, त्याची दोरी खुद्द केतकीनं पलंगाखाली आडवी पडून ओढली होती आणि ओढता ओढता तिला हसू आवरेना म्हणून तो शॉट परत परत घ्यावा लागला होता.

फाउंड फुटेज म्हणतात त्या जातीचे हे सिनेमे. कुणीतरी आपल्याच घरात कॅमेरा लावलेला असतो, घरात काहीबाही घडू लागतं, माणसं नाहीशी होतात आणि मागे फक्त ते चित्रण सापडतं. ना हिरो, ना गाणी, ना दिवे. एक घर, एक हलता कॅमेरा आणि चार ओळखीपाळखीची माणसं एवढ्यावर काम भागतं. कोल्हापुरात राहून, मुंबईच्या दारात न जाता सिनेमा करायचा तर हाच एक रस्ता, असं विश्वजित म्हणायचा. केतकीला ते पटायचं. खरं तर त्याचं सगळंच तिला पटायचं.

पण मग लोक घाबरेनासे झाले. शाळेतली पोरंसुद्धा मोबाइलला नुसतं तोंडी सांगून आपल्या स्वयंपाकघरात भूत उभं करू लागली, आणि तेही विश्वजितच्या आत्यापेक्षा कितीतरी सरस. डोळ्यांना दिसतं त्यावरचा भरवसाच उडाला. भुताच्या सिनेमाचा सगळा खेळ ‘हे खरंच घडलं असेल का’ एवढ्या एका शंकेवर उभा असतो. ती शंकाच उरली नाही, तर भीती कशाची?

अशा वेळी ‘अस्सल’ हा शिक्का आला. सिनेमे दाखवणाऱ्या कंपन्यांनी तो काढला, आणि त्यामागचं विज्ञान तसं जुनंच होतं. घरातल्या वायफायच्या लहरी भिंतींवर, कपाटांवर, माणसांवर आपटून परत फिरत असतात. माणूस म्हणजे बरंचसं पाणीच, आणि पाण्याशी या लहरींचं विशेष जमतं. माणूस हलला की परतणाऱ्या लहरी बदलतात. श्वास घेताना छाती किंचित वर येते तेवढ्यानंही बदलतात. नीट ऐकणारं यंत्र असेल तर हृदयाचा ठोकासुद्धा त्यात सापडतो. घर आधी एकदा पूर्ण रिकामं असताना मोजून ठेवायचं. पुढच्या मोजणीतून हे रिकामं घर वजा केलं, की उरतो तो फक्त माणूस. चेहरा नाही, कपडे नाहीत, उजेड-अंधाराशी देणंघेणं नाही. राखेचा ढीग उठून चालू लागावा तशी एक करडी आकृती, आणि खाली तिच्या नाडीची रेघ.

ती रेघ बनवता येत नव्हती. नट कितीही कसलेला असला तरी घाबरल्याचं सोंग करताना त्याची नाडी सोंगासारखीच चालते, आणि ते यंत्राला कळतं. ज्या सिनेमातली भीती खरी निघाली त्याला शिक्का मिळायचा. ज्याला शिक्का, त्याला प्रेक्षक.

केतकीला हे सगळं माहीत होतं. विश्वजितनंच तर तिला समजावून सांगितलं होतं, पोहे खाताखाता.

*

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, यात केतकीच्या माहेरी कुणाला काही विचारण्यासारखं वाटलंच नव्हतं. मिरजेला आईनं मागची खोली रंगवून घेतली होती, शेक-शेगडीसाठी गोवऱ्या आणून ठेवल्या होत्या. डोहाळजेवण झालं. केतकी दोन दिवस तिथं राहून परत आली, आणि त्याच आठवड्यात विश्वजित म्हणाला, “केतू, बाळंतपण इथंच केलं तर?”

“इथं? कोण करणार?”

“मी करीन. मालिशला बाई लावू. खीर, काढा, सगळं शिकतो. तू तिकडं आणि मी इथं, असं मला नाही जमायचं. डोळ्यांसमोर हवीस तू मला.”

बायका असल्या वाक्यावर आयुष्य काढतात. केतकीनं आईला फोन केला. आई आधी हसली, मग म्हणाली, “त्याची हौस आहे गं, पण हौस वेगळी आणि सव्वा महिना वेगळा. पहिल्या खेपेला आईच लागते.”

“तुझ्या काळात लागत असेल,” केतकी म्हणाली. बोलून झाल्यावर तिला वाईट वाटलं, पण मागं घेतलं नाही. मायलेकींचं बोलणं त्या दिवसापासून जेवलीस का, झोपलीस का, एवढ्यावर आलं.

मैत्रिणींना मात्र तिनं तोंड भरून सांगितलं. माझं बाळंतपण नवरा करतोय. आणि त्यानं ते केलं, हेही खरं. अळिवाची खीर तो स्वतः ढवळायचा. तिच्या कानात कापसाचे बोळे घालायचा, डोक्याला रुमाल बांधून द्यायचा आणि म्हणायचा, “अगदी शास्त्रशुद्ध बाळंतीण दिसतेस.” बाळासाठी त्यानं ‘राखण’ घेतली होती. खोलीच्या तीन कोपऱ्यांत तीन पांढऱ्या डब्या. तान्ह्याचा श्वास चुकला तर लगेच फोनवर कळतं. केतकीला त्या डब्यांचा फार आधार वाटायचा. उठून आधी ती बाळाकडे बघायची, मग डब्यांवरच्या हिरव्या ठिपक्यांकडे.

*

विश्वजितचा नवा सिनेमा पुरा झाला तेव्हा त्यांची लेक जाई पाच महिन्यांची होती. राजारामपुरीतल्या एका लहान हॉलमध्ये दुपारी निवडक लोकांना तो दाखवायचा होता. “तू नको येऊस,” विश्वजित म्हणाला. “आवाज मोठा असतो, पोर दचकेल.” केतकीनं मान डोलावली, आणि तो गेल्यावर जाईच्या कानांवर टोपी ओढून रिक्षा केली. त्याला चकित करायचं होतं.

ती पोचली तेव्हा आत अंधार झाला होता. पोर रडलं तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून ती मागच्या भिंतीशी उभीच राहिली. पडद्यावर एक नवं जोडपं भाड्याच्या घरात राहायला आलं होतं. त्या घरात म्हणे अळवंत होती. बाळंतपणात गेलेल्या बाईचं भूत. जोडप्यानं घरात लहरींचं यंत्र लावलं, आणि पडद्यावर ती करडी आकृती आली.

ती चालत होती. डाव्या पायावर भार न देता, किंचित फरपटत. तिच्या पोटाजवळ काहीतरी फुगीर होतं आणि खाली नाडीच्या दोन रेघा होत्या, एक संथ आणि एक भरभर पळणारी. एका देहात दोन ठोके. हॉलमध्ये कुणीतरी “आई गं” म्हणालं. मग आकृती वाकली आणि तिच्या अंगातून एक लहानसा तुकडा सुटून वेगळा झाला. बायका किंचाळल्या.

केतकी किंचाळली नाही. ती विचार करत होती की ही बाई डावा पाय जपून का टाकतेय. टाके असले की असाच टाकावा लागतो. मग ती आकृती रिकाम्या हातांनी उभी राहिली आणि डावीउजवीकडे झुलू लागली, मूल खाली ठेवल्यावरही अंग झुलतच राहतं तशी. समोरच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, “झुलतीय बघ कशी, बेकार.” केतकीनं स्वतःकडे पाहिलं. जाईला छातीशी धरून, त्याच तालात, ती झुलत होती.

पुढचं तिनं भिंतीला टेकून पाहिलं. आकृती खोलीतून बाहेर पडली, गॅलरीच्या कडेला आली. चौथा मजला. कठड्यावर ओणवी झाली. मागं सुटलेल्या त्या तुकड्याची रेघ वेडीवाकडी उड्या मारत होती आणि हिची रेघ मात्र हळूहळू शांत होत चालली होती. फार शांत. संगीत थांबलं होतं. “उडी मारतीय आता,” कुणीतरी कुजबुजलं. आणि मग आकृती एकदम गर्रकन वळून सरळ प्रेक्षकांच्या अंगावर आली. अख्खा हॉल ओरडला.

घरच्या गॅलरीत त्या एका दुपारी खरं काय झालं होतं ते केतकीनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. किती रात्रींची झोप नव्हती कोण जाणे. जाई रडत होती, दूध पीत नव्हती. केतकीनं तिला पलंगावर ठेवलं आणि ती गॅलरीत गेली. मरायचं असं मनात नव्हतं. मनात काहीच नव्हतं, तेच वाईट होतं. खाली एक माणूस मोटारसायकल धूत होता आणि ते पाणी जिथं वाहत होतं तिथं जाऊन गार पडून राहावं, एवढंच वाटत होतं. मग आतून जाईनं जोरात टाहो फोडला आणि केतकीला पान्हा फुटला. ब्लाउज ओला झाला, पोटापर्यंत ओघळ आला. त्या कोमट ओलीनं ती भानावर आली आणि धावत आत गेली.

यंत्राला पान्हा दिसत नाही. यंत्राला फक्त तिचं वळणं दिसलं होतं.

*

मध्यंतरात सर्फराज तिच्यापर्यंत पोचला. विश्वजितच्या सगळ्या सिनेमांचं संकलन त्याचंच. हातात चहाचे दोन कप होते, त्यातला एक त्यानं तिच्या हातात दिला.

“वहिनी, आलात का? भाऊ तर म्हणाला येणार नाही. मी सांगून ठेवतो, बक्षीसबिक्षीस मिळालं तर ते तुमचं. काय काम केलंय ओ.”

“काम?”

“आता लाजताय. त्या नाटकातल्या बायका आणल्या होत्या आम्ही आधी. रडा म्हटलं की नाडी पळायलीच त्यांची. तुमची मात्र गॅलरीत गेल्यावर अशी खाली आली, अशी खाली आली... ते जमवलं कसं, तेवढं सांगा. शिक्का त्याच्यावरच मिळणार.”

केतकीनं जाईची टोपी सरळ केली. “तुम्ही कधी पाहिलंत ते?”

“तेव्हाच की. लाइव्ह. स्टुडिओत बसलो होतो दोघं. खोटं कशाला सांगू, माझी टरकली. म्हटलं भाऊ, फोन लाव, वहिनी पडतील. तर म्हणाला, गप बस, ठरलंय आमचं, येईल ती आत. आणि फोन उलटा करून ठेवला टेबलावर.” तो हसला. “कलेजा लागतो वहिनी, तुम्हाला पण आणि त्याला पण.”

“आणि रिकामं घर कधी मोजलंत?” तिचा आवाज तिला स्वतःलाच कुणा शेजारणीचा वाटला. “मी तर घरातच असायचे.”

“तेच तर. तुम्ही डोहाळजेवणाला मिरजेला गेलात ना, तेवढेच दोन दिवस मिळाले. डब्या लावल्या, मोजलं, झालं.” चहाचा घोट घेता घेता तो थांबला. तिच्याकडे नीट पाहिलं. “वहिनी, तुम्हाला सांगितलं होतं ना त्यानं सगळं?”

“चहा गोड झालाय फार,” केतकी म्हणाली आणि कप त्याच्या हातात परत देऊन बाहेर पडली.

रिक्षात तिनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लावून पाहिली. घर आधी मोजलं होतं. ‘डोळ्यांसमोर हवीस’ हे नंतर.

*

विश्वजित घरी आला तो शिट्टी वाजवत. कंपनीच्या माणसांनी हॉलमध्येच होकार दिला होता. केतकी स्वयंपाकघरात जाईला नाचणीची पेज भरवत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, “मी पाहिला सिनेमा.”

शिट्टी थांबली. तो हळूच खुर्चीवर बसला. “मी सांगणारच होतो.”

“कधी?”

“तुला बरं वाटू लागलं की.”

“म्हणजे मला बरं नव्हतं हे माहीत होतं तुला.”

जाईनं पेज तोंडातून बाहेर काढली, केतकीनं ती बोटानं परत आत सारली.

“गॅलरीतलं तू कधी पाहिलंस?”

“एडिटिंगला. नंतर.”

“सर्फराज म्हणाला, फोन उलटा करून ठेवलास.”

“केतू,” तो म्हणाला, “मला माहीत होतं तू आत येशील. मी ओळखतो तुला.”

“तुला कसं माहीत होतं?” ती म्हणाली. “मला माहीत नव्हतं.”

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. तो रडायला लागला. खोटं नव्हतं ते. म्हणाला, सुरुवातीला फक्त चालण्याचे शॉट घ्यायचे होते. बाळ अंगाशी धरलेली आई लहरींत एकाच देहासारखी दिसते हे त्याला कुठंतरी वाचून माहीत होतं, तेवढंच हवं होतं. पुढचं घडत गेलं. इतकी वर्षं घालवल्यावर एकदा काहीतरी खरं हाती लागलं. “फोन हातात घेतला होता मी. शपथ. पण त्या क्षणी...”

“शॉट तुटला असता,” केतकीनं वाक्य पुरं केलं.

ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती अळिवाच्या खिरीचा विचार करत होती. ती खीर त्यानं खरोखर केली होती. रात्री उठून दुपटी बदलली होती. त्यातलं किती तिच्यासाठी आणि किती बाळंतीण घरात टिकावी म्हणून, हे वजा करून दाखवणारं यंत्र कुणी काढलं नव्हतं.

“आणखी एक आहे,” तो डोळे पुसत म्हणाला. “कंपनीचा नियम आहे. ज्याचा श्वास वापरलाय त्याला ते आधीपासून माहीत असायला हवं. तसं त्यानं स्वतः बोलून द्यावं लागतं. राखणेसमोर. ती नाडी बघते, खोटं असेल तर घेत नाही.”

“मग?”

“तू शांत बसलीस तर घेईल. सकाळी ताज्या मनानं करू. एवढंच म्हणायचं, मला आधीपासून माहीत होतं. नाहीतर सगळं फुकट जाईल, केतू. परत मला कुणी दारात उभं करणार नाही.”

केतकीनं जाईचं तोंड पुसलं. आपल्याला राग यावा अशी ती वाट पाहत होती. आला तो थकवा. “बोलते मी,” ती म्हणाली.

मग ती खोलीत गेली, दार लावलं आणि मिरजेला फोन केला. “आई, सकाळी मला न्यायला येशील?”

आई काही विचारील असं तिला वाटलं होतं. “पहिल्या गाडीनं निघते,” आई म्हणाली. “पोरीची दुपटी ओली बांधू नकोस, वास लागतो.”

*

सकाळी विश्वजितनं पलंगासमोर खुर्ची मांडली. लॅपटॉपवर करडी केतकी बसलेली दिसत होती, मांडीवर तिच्याच देहात मिसळून गेलेली जाई, आणि खाली दोन रेघा. “श्वास लांब घे,” तो म्हणाला. “मी आहे इथं.”

डबीतून एका बाईचा सौम्य, शिकवलेला आवाज आला. “नमस्कार. आपण शांत बसा. आपलं चित्रण होत आहे हे आपल्याला आधीपासून माहीत होतं का?”

केतकीनं विश्वजितकडे पाहिलं. तो पडद्यावरच्या रेघेकडे बघत होता. ओठांनी त्यानं ‘हो’ असं म्हणून दाखवलं, लहान मुलाला शिकवतात तसं.

“नाही,” केतकी म्हणाली. “मला माहीत नव्हतं. मला वाटलं डब्या बाळाच्या श्वासासाठी आहेत. गॅलरीत मी अभिनय करत नव्हते. मला परत यायचं होतं की नाही तेही मला ठाऊक नव्हतं. माझा नवरा बघत होता. त्याच्या हातात फोन होता आणि त्यानं तो उलटा ठेवला. माझं पोर रडलं म्हणून मी आत आले. त्यानं बोलावलं म्हणून नाही.”

रेघ एकदाही डळमळली नाही. “आपलं उत्तर खरं म्हणून नोंदवलं आहे,” डबी म्हणाली. “या चित्रणाला परवानगी देता येणार नाही. धन्यवाद.”

विश्वजितचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती उठली. पिशवी दाराशी भरून ठेवलेली होतीच. तो मागं येईल, हात धरील, काहीतरी वाईटसाईट बोलेल असं तिला वाटलं, आणि मनातून तेवढं तरी त्यानं करावं अशी इच्छाही होती.

“केतू,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. तिनं वळून पाहिलं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण नजर लॅपटॉपवर होती. “हे आत्ताचं... हे सिनेमाच्या शेवटी घेतलं तर?”

तिला आधी कळलंच नाही तो कशाबद्दल बोलतोय. कळलं तेव्हा तिनं दार ओढून घेतलं, आपटलं नाही, जाई दचकली असती.

खाली रिक्षा उभी होती. आई आत सरकून बसली आणि तिनं हात पुढे केले. जाईला नीट मांडीवर घेतलं, तिचे तळवे गार आहेत का ते चाचपलं, पदरात गुंडाळलं. मग लेकीकडे पाहिलं. लेकीच्या तोंडावर जे होतं त्याला नाव न देता म्हणाली, “जेवलीस?”

“आई,” केतकी म्हणाली, “हिला पलंगावर टाकून मी एकदा गॅलरीत गेले होते.”

आईचा हात जाईच्या पाठीवर थांबला आणि पुन्हा फिरू लागला.

“स्टँडवर न्या,” ती रिक्षावाल्याला म्हणाली. “आणि सावकाश चालवा, घाई नाही आम्हाला.” मग केतकीजवळ सरकून तिच्या खांद्याला खांदा लावला. “हं. सांग.”